ऑप-अ‍ॅम्पचा लो-पास फिल्टर: व्हीएफडीवरच्या मोटरचे कंपन मोजताना १ किलोहर्ट्झवर दिसणारे शिखर

यंत्रमित्र_अंबड

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात कूलंट पंपाच्या मोटरचे कंपन सतत मोजत राहावे आणि बेअरिंग खराब होऊ लागल्याची चाहूल वेळेत लागावी, यासाठी एक साधे उपकरण जुळवत आहे. मोटर चार पोलची असून ५० हर्ट्झवर १४४० आरपीएमने फिरते. ती व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर आहे आणि ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्यातले स्विच चालू-बंद होण्याचा वेग, ४ किलोहर्ट्झ ठेवलेली आहे. एडीएक्सएल३३५ या कंपन मोजणाऱ्या सेन्सरचे तयार मोड्यूल बेअरिंगच्या हाउसिंगवर बसवले आहे. त्याच्या एक्स अक्षाचे आउटपुट तीन मीटर केबलने मायक्रोकंट्रोलरच्या १२ बिट एडीसीकडे (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाकडे) जाते आणि सेकंदाला ५००० नमुने घेतले जातात. सगळे काही ३.३ व्होल्टवर चालते.

बेअरिंग ६२०५ आहे. बाहेरच्या रिंगवर चरा पडला तर शाफ्टच्या फेऱ्यांच्या सुमारे ३.५८५ पट, म्हणजे ८६ हर्ट्झला, आणि आतल्या रिंगवर पडला तर ५.४१५ पट, म्हणजे १३० हर्ट्झला ठोके दिसायला हवेत. त्यांची हार्मोनिक्सही पाहता यावीत म्हणून १ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा हवा आहे. अडचण अशी की एफएफटी, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सींचा आलेख, काढली की नेमक्या १ किलोहर्ट्झवर एक उंच, टोकदार शिखर उभे राहते. बेअरिंग नवे आहे आणि कानाला काहीही वावगे जाणवत नाही. ऑप-अ‍ॅम्पचा अ‍ॅक्टिव्ह फिल्टर लावावा असा विचार आहे. त्यासाठी एलएम३५८ हे आयसी हाताशी आहेत. सूत्रे कुठल्याही पुस्तकात सापडतात, परंतु कट-ऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीपुढे सिग्नल दाबला जातो ती) कुठे ठेवायचा, ऑर्डर (उतार किती तीव्र हे ठरवणारा आकडा) किती घ्यायची आणि कोणती रचना निवडायची हे कोणत्या आधारावर ठरवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातपूरचा_मास्तर

फिल्टरकडे वळण्याआधी ते शिखर खरे आहे का, एवढे तपासून घ्या. सॅम्पलिंग ५ किलोहर्ट्झ असताना ४ किलोहर्ट्झचा सिग्नल आत आला, तर तो ५ वजा ४, म्हणजे १ किलोहर्ट्झवर दिसतो. आपल्या ड्राइव्हची कॅरिअर नेमकी ४ किलोहर्ट्झ आहे, तेव्हा संशय पहिल्यांदा तिच्यावरच जायला हवा. मोटरला हात न लावता फक्त सॅम्पलिंग ६ किलोहर्ट्झ करून पाहा. शिखर १ किलोहर्ट्झवर स्थिर राहिले तर ते यंत्राचे आहे. २ किलोहर्ट्झवर सरकले तर ते एलिअस, म्हणजे सॅम्पलिंग अपुरे पडल्याने चुकीच्या जागी दिसणारे प्रतिबिंब आहे.

यात एक फसगत होण्यासारखी जागा आहे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना ड्राइव्हच्या आउटपुट फ्रिक्वेन्सीच्या दुपटीच्या अंतरावर साइडबँड, म्हणजे जोडशिखरे, असतात; ५० हर्ट्झवर चालवताना ते ३९०० आणि ४१०० हर्ट्झला येतात आणि ५ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगमध्ये ११०० व ९०० हर्ट्झला दिसतात. मोटरचा वेग बदलला की हेही सरकतात, आणि वेगाबरोबर सरकणारे शिखर यांत्रिकच असणार असा निष्कर्ष माणूस सहज काढून बसतो. म्हणून वेग बदलून नव्हे, सॅम्पलिंग बदलून परीक्षा घ्यावी.

यंत्रमित्र_अंबड

सॅम्पलिंग ६ किलोहर्ट्झ करताच शिखर २ किलोहर्ट्झवर गेले, आणि ड्राइव्ह बंद केल्यावर नाहीसे झाले. म्हणजे बेअरिंगची काळजी मिटली आणि फिल्टरची सुरू झाली.

ओझरची_विद्यार्थिनी

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक प्रश्न विचारते. हल्लीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये डिजिटल फिल्टर काही ओळींत लिहिता येतो, तो घटकांच्या टॉलरन्सने बिघडत नाही आणि त्याचा कट-ऑफ हवा तसा बदलता येतो. मग ऑप-अ‍ॅम्प, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा खटाटोप का करायचा?

सातपूरचा_मास्तर

कारण नमुने घेतले गेले की ४ किलोहर्ट्झची कॅरिअर आणि १ किलोहर्ट्झचे खरे कंपन यांत आकड्यांच्या पातळीवर काहीच फरक उरत नाही. डिजिटल फिल्टरला १ किलोहर्ट्झ काढून टाकायला सांगितले तर तो दोन्ही काढेल, ठेवायला सांगितले तर दोन्ही ठेवेल. नको ते एडीसीच्या अलीकडेच अडवावे लागते आणि तेवढे काम अ‍ॅनालॉग फिल्टरचे आहे. तरीही तुमच्या प्रश्नात अर्धे उत्तर दडलेले आहे: सॅम्पलिंग भरपूर वाढवले तर अ‍ॅनालॉग फिल्टर सौम्य चालतो आणि उरलेली धारदार छाटणी डिजिटलमध्ये करता येते. ५ किलोहर्ट्झवर अडून राहण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

सिन्नरकर

फिल्टरच्या गणितात शिरण्याआधी सेन्सरकडे पाहावे. एडीएक्सएल३३५ च्या प्रत्येक आउटपुटमागे चिपच्या आतच ३२ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि बाहेर लावलेल्या कपॅसिटरबरोबर तो आरसी लो-पास फिल्टर होतो. बाजारातल्या तयार मोड्यूलवर साधारणपणे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात. तुमच्या मोड्यूलवर तेच असतील तर बँडविड्थ ५० हर्ट्झ झाली. ज्या ८६ हर्ट्झची तुम्ही वाट पाहत आहात तो तिथेच निम्मा होतो, आणि १ किलोहर्ट्झचे कंपन विसाव्या हिश्शावर येते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सेन्सरपाशीच ५० हर्ट्झचा अडसर असताना ४ किलोहर्ट्झचे इतके मोठे शिखर सेन्सरच्या आतून येणे कठीण आहे. ते नंतर, म्हणजे केबलमध्ये किंवा ग्राउंडमध्ये शिरलेले असावे. तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये फेज-फेजमधल्या व्होल्टेजातून खुद्द कॅरिअर वजा होते, पण तिन्ही फेजना समाईक असलेल्या कॉमन-मोड व्होल्टेजात ती पूर्ण ताकदीने हजर असते. वाइंडिंग आणि मोटरची बॉडी यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून तो करंट बॉडीत उतरतो आणि परत जायला वाट शोधतो. मोड्यूलचे ग्राउंड बॉडीला टेकले असेल तर त्यातली एक वाट तुमच्या सिग्नल केबलच्या ग्राउंड वायरमधून जाते. मोड्यूल कशाने बसवले आहे?

यंत्रमित्र_अंबड

मोड्यूलवर १०४ छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचेच कपॅसिटर आहेत. ते धातूच्या स्क्रूने बसवले आहे आणि स्क्रूच्या भोकाभोवतीचा तांब्याचा पट्टा ग्राउंडला जोडलेला आहे, हे मल्टिमीटरने आत्ताच पाहिले.

सिन्नरकर

मग तिथून सुरुवात करा. नायलॉनचा स्क्रू आणि खाली इपॉक्सीचा पातळ थर वापरा, म्हणजे बॉडीशी विद्युत संपर्क राहणार नाही. १ किलोहर्ट्झपर्यंतच्या कंपनाला त्या थराने फरक पडत नाही. एक्स अक्षाचा ०.१ मायक्रोफॅरड काढून ४.७ नॅनोफॅरड लावा; उत्पादकाने सुचवलेली किमान मर्यादा तीच आहे. बँडविड्थ साधारण १०६० हर्ट्झ होईल. आतल्या ३२ किलोओहमला १५ टक्क्यांपर्यंतचा टॉलरन्स असल्याने हा आकडा प्रत्येक नगाला वेगळा येईल, त्यामुळे या टोकाचा अ‍ॅम्प्लिट्यूड काटेकोर मानू नका. झेड अक्ष मात्र वापरू नका, त्याची कमाल मर्यादाच ५५० हर्ट्झ आहे. पुढेमागे काही किलोहर्ट्झपर्यंत पाहायची वेळ आली तर ११ किलोहर्ट्झ बँडविड्थचा एडीएक्सएल१००२ घ्यावा लागेल. हा सेन्सर त्या कामाचा नाही.

आणि ३२ किलोओहमच्या आउटपुटला फिल्टर थेट जोडू नका. तो रेझिस्टर फिल्टरच्या पहिल्या रेझिस्टरमध्ये मिळवला जाईल आणि सगळे हिशेब कोलमडतील. सेन्सरजवळच एक ऑप-अ‍ॅम्प व्होल्टेज फॉलोअर म्हणून लावा, त्याच्या आउटपुटला १०० ओहम सीरिजमध्ये द्या आणि मग केबल सोडा. एवढा रेझिस्टर नसेल तर केबलच्या कपॅसिटन्समुळे फॉलोअर स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो.

सातपूरचा_मास्तर

आता मूळ प्रश्न. फिल्टरची रचना सूत्रापासून नव्हे, गरजेपासून उलट दिशेने करत यावी.

हवा असलेला पट्टा १ किलोहर्ट्झपर्यंत. सॅम्पलिंग १० किलोहर्ट्झ धरू. या पट्ट्यात घडी होऊन पडू शकणारी सर्वात जवळची फ्रिक्वेन्सी १० वजा १, म्हणजे ९ किलोहर्ट्झ. मधला १ ते ९ किलोहर्ट्झचा भाग घडी होऊनसुद्धा पट्ट्याच्या बाहेरच पडतो. तो नंतर डिजिटलमध्ये काढता येतो. तेव्हा फिल्टरकडून अपेक्षा एवढीच की १ किलोहर्ट्झपर्यंत सिग्नल जवळपास अखंड सोडावा आणि ९ किलोहर्ट्झला पुरेसा दाबावा. १२ बिटच्या एडीसीची पूर्ण पट्टी साधारण ७२ डेसिबलची असते, पण नको असलेला सिग्नल मुळात पूर्ण पट्टीएवढा नसतो, म्हणून ६० डेसिबल पुरतात.

कट-ऑफ १ किलोहर्ट्झवरच ठेवायचा मोह टाळा. कट-ऑफला सिग्नल ३ डेसिबलने, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी उतरलेला असतो. १.५ किलोहर्ट्झला ठेवला तर चौथ्या ऑर्डरच्या बटरवर्थमध्ये १ किलोहर्ट्झला घट फक्त २ टक्के येते. ९ किलोहर्ट्झ म्हणजे कट-ऑफच्या ६ पट; ६ चा चौथा घात १२९६, म्हणजे ६२ डेसिबल. हिशेब जमला. सॅम्पलिंग २० किलोहर्ट्झ केले तर घडीची जागा १९ किलोहर्ट्झवर जाते आणि हाच फिल्टर ८८ डेसिबल देतो. तसे केलेत तर दुसऱ्या ऑर्डरवरही, म्हणजे ४४ डेसिबलवर, काम भागेल असे म्हणता येईल. पण ड्राइव्हच्या शेजारी बसणाऱ्या यंत्राला मी ते सुचवणार नाही.

बटरवर्थच का? स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेल्या या प्रतिसादाचा पासबँड (सोडला जाणारा पट्टा) सपाट असतो आणि आपल्याला वेगवेगळ्या हार्मोनिक्सच्या उंचीची तुलना करायची आहे. चेबिशेव्ह अधिक धारदार उतरतो, पण पासबँडमध्ये लाटा पाडतो. ठोक्याचा वेव्हफॉर्म जसाच्या तसा पाहायचा असता तर बेसेल घेतला असता.

गंगापूररोडकर

ऑर्डर आणि कट-ऑफ यांविषयी सहमत आहे. रचनेबाबत मात्र, सहसा वापरल्या जाणाऱ्या सॅलन-की या रचनेच्या विरोधात मी मत नोंदवतो. सॅलन-कीमध्ये फीडबॅकचा कपॅसिटर इनपुटकडून आलेला सिग्नल थेट ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटवर आणून सोडतो. कमी फ्रिक्वेन्सीला आउटपुट इम्पीडन्स अगदी अल्प असल्याने तो तिथे जिरतो. फ्रिक्वेन्सी वाढली की ऑप-अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल मोठा करण्याची क्षमता) संपत येतो, आउटपुट इम्पीडन्स चढतो आणि तोच सिग्नल आउटपुटवर दिसू लागतो. परिणामी कागदावर खाली खाली जाणारा आलेख प्रत्यक्षात शेकडो किलोहर्ट्झला पुन्हा वर उठतो. व्हीएफडीच्या स्विचिंगच्या धारा मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणजे अडचण नेमकी तिथेच आहे. मल्टिपल फीडबॅक रचनेत इनपुटच्या रेझिस्टरनंतर लगेच एक कपॅसिटर ग्राउंडला जातो, त्यामुळे हा दोष बराच कमी होतो. सिग्नल उलटा होतो, पण एफएफटीला त्याचे सोयरसुतक नसते.

सातपूरचा_मास्तर

मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि दुहेरी सप्लाय असता तर मीही मल्टिपल फीडबॅकच निवडला असता. इथे सप्लाय एकेरी, ३.३ व्होल्टचा आहे. सेन्सरचे आउटपुट स्थिर असताना सप्लायच्या निम्म्यावर, म्हणजे १.६५ व्होल्टवर असते. गेन १ असलेला सॅलन-की हा डीसी जसाच्या तसा पुढे नेतो. त्याला व्हर्च्युअल ग्राउंड लागतच नाही. मल्टिपल फीडबॅक इनव्हर्टिंग असल्याने त्याला १.६५ व्होल्टचा स्वच्छ संदर्भ द्यावा लागेल, तो रेझिस्टरच्या जोडीने बनवून बफर करावा लागेल, आणि त्या संदर्भावरचा प्रत्येक खरखराट थेट सिग्नलमध्ये मिसळेल. आणखी एक ऑप-अ‍ॅम्प आणि आणखी एक दुखणे मागे लावून घेण्यापेक्षा सॅलन-कीच्या त्या उणिवेवर बाहेरून इलाज करणे सोपे आहे: शेवटच्या ऑप-अ‍ॅम्पनंतर १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा साधा आरसी. त्याचा कट-ऑफ १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, १ किलोहर्ट्झला त्याचा उपद्रव नाही, आणि मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो ऑप-अ‍ॅम्पच्या मर्जीवर अवलंबून नसतो. शिवाय एडीसीचा आतला सॅम्पलिंग कपॅसिटर दर नमुन्याला जो घोट मागतो, तो हा १० नॅनोफॅरड पुरवतो.

सॅलन आणि की यांनी १९५५ मध्ये ही रचना मांडली तेव्हा आयसी स्वरूपातला ऑप-अ‍ॅम्प अस्तित्वात नव्हता; कॅथोड फॉलोअरवरही चालेल अशी ती होती. १ गेनची तिची सवय तिथली आहे आणि आज ती आपल्या सोयीची ठरते.

आता मूल्ये. गेन १ असताना फीडबॅकच्या कपॅसिटरला सी१ आणि ग्राउंडकडच्या कपॅसिटरला सी२ म्हणू. कट-ऑफ दोन्ही रेझिस्टर आणि दोन्ही कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो, आणि क्यू, म्हणजे कट-ऑफजवळ टप्पा किती उंचावतो त्याचे माप, मुख्यतः सी१ व सी२ यांच्या गुणोत्तरावर. रेझिस्टर समान असतील तर क्यू म्हणजे त्या गुणोत्तराच्या वर्गमुळाचा निम्मा भाग. याचा व्यावहारिक अर्थ असा की हव्या त्या क्यूसाठी सी१ हा सी२ च्या किमान चार गुणिले क्यूचा वर्ग इतका तरी मोठा हवा. त्याहून मोठा असला तर रेझिस्टर असमान घेऊन जुळवता येते. म्हणून आधी बाजारात मिळणारे कपॅसिटर निवडावेत आणि रेझिस्टर मागून काढावेत. उलट करणाऱ्याला १.३७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर शोधत हिंडावे लागते.

चौथ्या ऑर्डरच्या बटरवर्थचे दोन टप्पे ०.५४ आणि १.३१ क्यूचे असतात. पहिल्या टप्प्यात सी१ १० नॅनोफॅरड, सी२ ६.८ नॅनोफॅरड, रेझिस्टर २० किलोओहम आणि ८.२ किलोओहम. दुसऱ्यात सी१ १० नॅनोफॅरड, सी२ १ नॅनोफॅरड, रेझिस्टर ६२ किलोओहम आणि १८ किलोओहम. दोन्हींचा कट-ऑफ १५०७ हर्ट्झ येतो. क्यू अनुक्रमे ०.५५ आणि १.३२. सगळे रेझिस्टर नेहमीच्या ई२४ मालिकेतले आहेत, १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या.

सूत्रात दोन रेझिस्टरांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. प्रत्यक्षात मात्र मोठा रेझिस्टर आधी, इनपुटच्या बाजूला लावावा. गंगापूररोडकरांनी सांगितलेली ती चोरवाट त्याच रेझिस्टरमधून जाते. तो जितका मोठा तितकी ती अरुंद.

यंत्रमित्र_अंबड

मनःपूर्वक आभार. एलएम३५८ चालेल ना? आणि सिग्नल लहान असल्याने फिल्टरमध्येच १० पट गेन घ्यावा का?

सिन्नरकर

एलएम३५८ नको. त्याचे आउटपुट वरच्या सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबते. ३.३ व्होल्टवर म्हणजे १.८ व्होल्टच्या आसपास, आणि तुमचा सिग्नल १.६५ वर बसलेला आहे. अर्ध्या जीच्या (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) वरच्या ठोक्याचे डोके कापले जाईल. ५ व्होल्ट देऊन हा प्रश्न सुटला तरी आउटपुटमधले क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (आउटपुटची दिशा बदलताना होणारी विकृती) राहतेच, आणि ते जी हार्मोनिक्स तयार करते ती बेअरिंगच्या हार्मोनिक्समध्ये मिसळतात. टीएल०७२ ला इतक्या कमी सप्लायवर इनपुटची जागाच पुरत नाही. एमसीपी६००२ घ्या: १.८ ते ६ व्होल्ट, इनपुट आणि आउटपुट दोन्ही रेल-टू-रेल (सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत चालणारे), गेन-बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ. कट-ऑफ गुणिले क्यू गुणिले शंभर या ठोकताळ्याने आपल्याला २०० किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे पाचपट शिल्लक. स्ल्यू रेटची (आउटपुट बदलण्याच्या कमाल वेगाची) गरज सेकंदाच्या दशलक्षांशाला ०.०१ व्होल्टच्या आसपास आणि हा देतो ०.६, त्याचा विचारच सोडा.

गेनचेही तसेच. ३.३ व्होल्टवर सेन्सर दर जीला साधारण ३३० मिलिव्होल्ट देतो. एडीसीची एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची, म्हणजे अडीच मिलि-जीची. तिचा क्वांटायझेशन नॉइज पाऊण मिलि-जीच्याही आत. सेन्सरचा स्वतःचा नॉइज एक्स अक्षाला दर वर्गमूळ हर्ट्झमागे १५० मायक्रो-जी आहे. १ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो ६ मिलि-जीच्या घरात जातो. गेनने सिग्नल आणि सेन्सरचा नॉइज दोन्ही एकदमच वाढतील, माहिती वाढणार नाही, आणि मोठ्या ठोक्याला क्लिपिंग मात्र होईल. १ गेनवरच थांबा.

पिंपळगावचा_कोठारवाला

आमचे द्राक्षांचे शीतगृह आहे आणि कॉम्प्रेसरच्या मोटरला असेच काही बसवायचा विचार आहे. विजेच्या ५० हर्ट्झचा गुणगुणाट काढण्यासाठी तेवढीच फ्रिक्वेन्सी अडवणारा ट्विन-टी नॉच फिल्टर जोडावा असे एका तंत्रज्ञाने सुचवले. तो या फिल्टरच्या आधी लावावा की नंतर?

सातपूरचा_मास्तर

लावूच नये. निव्वळ रेझिस्टर-कपॅसिटरच्या ट्विन-टीचा क्यू ०.२५ असतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या आजूबाजूचा मोठा पट्टा तो गिळतो. १४४० आरपीएमच्या मोटरची दुसरी हार्मोनिक ४८ हर्ट्झला असते आणि अलाइनमेंट बिघडल्याची खूण बहुधा तिथेच उमटते. तीच आपण पुसून टाकू. ऑप-अ‍ॅम्पने फीडबॅक देऊन नॉच अरुंद करता येतो, पण मग सहा घटक इतके काटेकोर जुळवावे लागतात की टॉलरन्समुळे तो ५० हर्ट्झवर बसतच नाही. एफएफटीत ५० आणि ४८ वेगवेगळे दिसतात, दुर्लक्ष करणे सोपे आहे. गुणगुणाट इतका असेल की एडीसी भरून जातो, तर दोष ग्राउंडिंगमध्ये शोधा.

गंगापूररोडकर

कपॅसिटरच्या जातीविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. बाजारात १०३ किंवा १०२ (१० किंवा १ नॅनोफॅरड) मागितले की बहुतेकदा हाती येतो तो साधा सिरॅमिक, फार तर एक्स७आर. त्याची क्षमता त्यावरच्या व्होल्टेजने बदलते, म्हणजे फिल्टरचा कट-ऑफ सिग्नलच्याच तालावर हलतो आणि डिस्टॉर्शन तयार होते. आपल्या कामात त्याहून वाईट गोष्ट म्हणजे हा सिरॅमिक पिझोइलेक्ट्रिक असतो. कंप पावणाऱ्या यंत्राच्या पॅनेलवर तो स्वतःच कंपनाचा सेन्सर होतो आणि पॅनेलची थरथर सिग्नलमध्ये घालतो. पेन्सिलच्या टोकाने कपॅसिटरवर हलकेच टकटक करून ऑसिलोस्कोपवर पाहा, एक्स७आर असेल तर टकटक पडद्यावर दिसते. सी०जी, ज्याला एनपी०ही म्हणतात, त्यात हे दोन्ही दोष नाहीत. १ नॅनोफॅरडला तो सहज मिळतो. १० आणि ६.८ नॅनोफॅरडला पॉलिएस्टर फिल्मचा बॉक्स कपॅसिटर घ्यावा. फिल्मचे ५ टक्क्यांचे नग मिळाले तर उत्तम. १० टक्क्यांचे असतील तर मूठभर घेऊन एलसीआर मीटरवर निवडून लावावेत. सप्लायच्या डीकपलिंगला मात्र एक्स७आर खुशाल वापरा.

यंत्रमित्र_अंबड

सर्किट तयार केले. एमसीपी६००२ गावात मिळाला नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. नायलॉनच्या स्क्रूनेच ते शिखर निम्म्याहून खाली आले होते, म्हणजे सिन्नरकरांचे ग्राउंडचे निदान अचूक होते.

फंक्शन जनरेटर लावून दोन्ही टप्पे तपासले. दुसरा टप्पा एकटा तपासताना १२७० हर्ट्झच्या आसपास आउटपुट इनपुटपेक्षा जवळपास १.४ पट मोठे दिसले. पूर्ण साखळीत हा उंचवटा दिसत नाही आणि १५०० हर्ट्झच्या पुढे उतार अपेक्षेप्रमाणे आहे. हे बरोबर आहे का?

सातपूरचा_मास्तर

अगदी बरोबर. १.३२ क्यूच्या टप्प्याला तिथे ३ डेसिबलचा उंचवटा असायलाच हवा. पहिला, कमी क्यूचा टप्पा त्याच जागी साधारण तेवढाच खाली वाकलेला असतो आणि दोघांच्या गुणाकाराने सपाट माथा तयार होतो. हा उंचवटा कमी आला असता तर कपॅसिटर मूल्याबाहेर आहेत असे मी म्हटले असते. कमी क्यूचा टप्पा आधी ठेवण्याचे कारणही हेच: उंचवट्याचा टप्पा आधी असता तर मोठा ठोका मधल्या आउटपुटला सप्लायला टेकला असता, आणि कापलेला सिग्नल पुढचा कुठलाही फिल्टर जोडून देऊ शकत नाही.

ओझरची_विद्यार्थिनी

सॅम्पलिंग आता २० किलोहर्ट्झ असेल, तर एफएफटीसाठी नमुने कमी करावे लागतील. प्रत्येक चौथा नमुना घेऊन ५ किलोहर्ट्झवर आणले तर चालेल का?

सातपूरचा_मास्तर

तसेच नुसते उचललेत तर कॅरिअर पुन्हा १ किलोहर्ट्झवर येऊन बसेल. अ‍ॅनालॉग फिल्टरने ४ किलोहर्ट्झ फक्त ३४ डेसिबलने दाबले आहे, कारण त्याच्यावर ती जबाबदारी टाकलेलीच नव्हती. आधी सलग ५ नमुन्यांची सरासरी घ्या आणि मग प्रत्येक पाचवा ठेवा. २० किलोहर्ट्झला ५ नमुन्यांच्या सरासरीचे शून्य नेमके ४ आणि ८ किलोहर्ट्झवर पडते. ३९०० आणि ४१०० हर्ट्झच्या साइडबँडलाही ती ३० डेसिबलच्या आसपास दाबते, म्हणजे अ‍ॅनालॉग धरून ६० च्या वर. मोबदल्यात १ किलोहर्ट्झला १० टक्क्यांची घट होते. तिचे सूत्र ठाऊक असल्याने ती एफएफटीनंतर भरून काढता येते. नंतर सवड झाली की व्यवस्थित एफआयआर (एका प्रकारचा डिजिटल फिल्टर) लिहा.

सिन्नरकर

एक सूचना ड्राइव्हच्या पॅनेलवर चिकटवून ठेवा. उन्हाळ्यात ड्राइव्ह तापतो म्हणून कोणीतरी कॅरिअर ३ किलोहर्ट्झवर आणतो, किंवा मोटरची शिट्टी नको म्हणून ५ वर नेतो. ५ नमुन्यांच्या सरासरीचे शून्य ४ वर आहे. ३ किंवा ५ किलोहर्ट्झला ती सरासरी पुरेशी दाबत नाही, आणि ४ किलोहर्ट्झवर आणलेल्या नमुन्यांत दोन्ही कॅरिअर १ किलोहर्ट्झवरच येतात. ३ किलोहर्ट्झला अ‍ॅनालॉग फिल्टरही २४ डेसिबलच देतो. कॅरिअर बदलायचीच असेल तर आधी सॉफ्टवेअरमध्ये एफआयआर हवा.

यंत्रमित्र_अंबड

चिठ्ठी लावली. एफआयआर ओझरच्या ताई लिहून देणार आहेत. त्याचे कोइफिशंट आणि फिल्टरचा मोजलेला आलेख याच धाग्यावर देतो.